मुंबईत घर कसं निवडावं : नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्हाला मुंबईत नोकरी आहे, बँकेने वीस वर्षांचं कर्ज द्यायचं कबूल केलं आहे आणि टेबलावर चार-पाच गुळगुळीत माहितीपत्रकं पडली आहेत. त्यांत जलतरण तलाव आहे, क्लब हाऊस आहे आणि गच्चीवर सूर्याकडे तोंड करून योगासनं करणारी एक बाई आहे. ही बाई कामाला जात असेल तर कितीच्या गाडीने जाते, ते मात्र कुठेच छापलेलं नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी हे धडे.

लागणारं साहित्य : मनगटावरचं घड्याळ, एक महिन्याचा पास, पाण्यात भिजले तरी चालतील असे बूट आणि त्या भागात राहणारा एक खरं बोलणारा नातेवाईक. नातेवाईक नुकतंच घर घेतलेला नसावा. नवा घरमालक स्टेशनचं अंतर नेहमी कमी सांगतो, कारण त्याला आधी स्वतःची समजूत घालायची असते. दहा वर्षं राहिलेला माणूस पाहावा. तो चहा येण्याआधीच सगळं सांगून टाकतो.

एक सूचना आताच देऊन ठेवतो. या अभ्यासक्रमात ‘रिकाम्या जागा भरा’ हा प्रश्न येणार नाही. मुंबईत रिकाम्या जागा नसतात.

धडा पहिला : किलोमीटर विसरणे

गावाकडून आलेला विद्यार्थी नकाशा उघडून पट्टी लावतो. पवईपासून वांद्रे-कुर्ला संकुल जवळ, डोंबिवलीपासून सीएसएमटी लांब, असं त्याला दिसतं. पट्टी खोटं बोलत नाही, पण तिने संध्याकाळी सहा वाजता साकीनाका पाहिलेला नाही. पवईला तलाव आहे, आयआयटी आहे, उंच इमारती आहेत, पण लोकलचं स्टेशन नाही. कांजूरमार्ग किंवा अंधेरी गाठायचं तर रस्त्यानेच जावं लागतं आणि त्या रस्त्यावर तुमच्यासारखेच हजारो पवईकर असतात. इकडे डोंबिवलीची फास्ट गाडी जेमतेम सव्वा तासात सीएसएमटीला पोचते. तिचा सव्वा तास गर्दीचा असला तरी साधारण रोज सव्वा तासच असतो. रस्त्याचा पाऊण तास मंगळवारी पाऊण असतो आणि गुरुवारी पावणेदोन.

तेव्हा एकक बदला. मुंबईत अंतर मोजायचं ते ‘किती वेळा गाडी बदलायची’ यात. थेट गाडी असेल तर घर जवळ. एक बदल असेल तर मध्यम. दोन बदल असतील तर ते घर तुमच्या ऑफिसला परगावात आहे असं समजा, मग जाहिरातदार काहीही म्हणो. बदलाला पंधरा मिनिटं धरा, असं हिशोबी लोक सांगतात. दादरला सकाळी नऊच्या सुमारास मध्य रेल्वेच्या फलाटावरून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर पूल ओलांडून गेलेला माणूस असं बोलणार नाही. पुलावर तुम्ही चालत नाही, तुम्हाला चालवलं जातं. घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोच्या जिन्याशी पोचणं हाही एक स्वतंत्र प्रवासच आहे. तो वेळापत्रकात नाही म्हणून घरच्यांना सांगितला जात नाही, एवढंच.

धडा दुसरा : लाइन निवडणे

इतर शहरांत माणूस एखाद्या पेठेत किंवा वॉर्डात राहतो. मुंबईत तो लाइनवर राहतो, आणि ही निवड धर्मांतरापेक्षा अवघड आहे, कारण तीत सोसायटीचं हस्तांतरण शुल्कही भरावं लागतं.

मध्य रेल्वेची परंपरा थोर. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ती याच मार्गावर. त्या मानाचा उपयोग आज गाडी उशिरा आल्यावर अभिमान बाळगण्यापुरता होतो. कल्याणला मार्गाला दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे. त्यामुळे कल्याणच्या पुढे घर घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं की, ‘दर चार मिनिटांनी गाडी आहे’ हे वाक्य त्याच्यासाठी नाही. दर चार मिनिटांनी गाडी असेल, पण त्याच्या फाट्यावरची नसेल. आपली गाडी चुकली की पुढची येईपर्यंत पेपर वाचून होतो, अग्रलेखासकट.

पश्चिम रेल्वे सरळ. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, मधे फाटा नाही, आणि २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते. हार्बरची भाडी बरी, इमारती नव्या, नवी मुंबईचे रस्ते रुंद. मात्र हार्बरवर फास्ट गाडी नावाचा प्रकार नाही. पनवेलला बसलेला माणूस सीएसएमटीपर्यंत प्रत्येक स्टेशनाचं नाव ऐकतो. ऑफिस ऐरोली किंवा तुर्भ्याला असेल तर ठाण्याहून सुटणारी ट्रान्सहार्बर चांगली. पण तुम्ही राहणार डोंबिवलीला आणि ठाण्याला बदलणार असाल तर पहिला धडा पुन्हा वाचा.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तुमच्या स्टेशनला फास्ट थांबते का? मध्य रेल्वेवर ठाणे, डोंबिवली, कल्याण ही फास्टची स्टेशनं, पश्चिमेला अंधेरी, बोरिवली. फास्टच्या स्टेशनाच्या अलीकडचं किंवा पलीकडचं स्टेशन स्वस्त असतं आणि दलाल तुम्हाला ‘फक्त एक स्टेशन पुढे’ असं सांगतो. ते एक स्टेशन रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी पुढे असतं.

धडा तिसरा : जाहिरात वाचणे

‘स्टेशनपासून ५ मिनिटे’ हे वाक्य मराठी गद्यातलं सर्वांत अर्थगर्भ वाक्य आहे. ते वाचताना विचारायचे प्रश्न असे : कोणत्या स्टेशनपासून? कशाने? किती वाजता? आणि ते स्टेशन बांधून झालं आहे का?

शेवटचा प्रश्न चेष्टेने विचारलेला नाही. ‘प्रस्तावित मेट्रो स्थानकासमोर’ असं लिहिलेली घरं या शहरात ढिगाने विकली गेली. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो अवघी ११.४ किलोमीटरची. भूमिपूजन झालं २००६ च्या जूनमध्ये, गाडी धावली २०१४ च्या जूनमध्ये. भूमिपूजनाच्या वर्षी पहिलीत घातलेलं मूल उद्घाटनाच्या वर्षी नववीत गेलं. आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो तीन टप्प्यांत सुरू झाली. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, शेवटचा ऑक्टोबर २०२५ मध्ये. आज ती ३३.५ किलोमीटर धावते आणि उत्तम धावते. पण तिच्या भरवशावर आधीच घर घेऊन बसलेल्यांनी मधली वर्षं रस्त्यावरच्या पत्र्यांना वळसे घालत काढली. म्हणून नियम सोपा ठेवा. गाडी धावताना डोळ्यांनी दिसली तर मेट्रो आहे असं धरावं. नुसते खांब दिसले तर ‘मुलांना उपयोगी पडेल’ असं म्हणावं. नुसता फलक दिसला तर त्याच्यापुढे फोटो काढून परत यावं.

जाहिरातीतला भूगोलही वेगळा शिकावा लागतो. वडाळ्यात ‘न्यू कफ परेड’ आहे, भिवंडीच्या बाजूला ‘अप्पर ठाणे’ आहे. घोडबंदर रोडवर गायमुखापर्यंत सगळं ठाणेच. पत्त्यात ठाणे आलं म्हणजे ठाणे स्टेशन आलं असं नाही. माजिवड्याच्या नाक्यावर सिग्नलला उभं राहिल्यावर हा फरक कळतो, आणि तो पुरेसा वेळ देऊन कळतो.

आणखी एक बारकावा, ज्याबद्दल दलाल कधी बोलत नाही. घर पूर्वेला आहे की पश्चिमेला, आणि तुमच्या बाजूचा जिना फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला उतरतो की मागच्या टोकाला. बारा डब्यांच्या गाडीला आपला नेमका डबा पकडायला रोज अख्खा फलाट चालणारी माणसं आहेत. पंधरा डब्यांची असली तर विचारूच नका. घरापासून स्टेशन दहा मिनिटं आणि स्टेशनपासून आपला डबा पाच मिनिटं, असा हिशोब करायला कुणी शाळेत शिकवत नाही.

धडा चौथा : गाडीत शिरणे (प्रात्यक्षिक)

इथे विद्यार्थी सर्वाधिक नापास होतात. गाडी असणं आणि गाडीत शिरता येणं या दोन वेगळ्या सुविधा आहेत. रेल्वेकडे गर्दीच्या लोकलसाठी ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा अधिकृत शब्दप्रयोग आहे. एका चौरस मीटरमध्ये उभे १४ ते १६ प्रवासी. घरी जाऊन फरशीवर खडूने एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखा आणि सोसायटीतल्या पंधरा सभासदांना त्यात उभं करा. सर्वसाधारण सभेत जे एकमेकांशी बोलत नाहीत त्यांनाही घ्या.

विरार फास्टमध्ये बोरिवलीला चढणं हा गुन्हा नाही, पण दारातल्या मंडळींचं तसं मत नाही. त्यांच्या दृष्टीने बोरिवलीकराला बोरिवलीच्या गाड्या आहेत. संध्याकाळी उलट. बोरिवलीला उतरायचं म्हणून विरार गाडीत शिरलात तर तुम्हाला उतरू देतील याची खात्री नाही. हे नियम कुठे लिहिलेले नाहीत आणि ते मोडणाऱ्याला समजावून सांगायची पद्धत सौम्य नसते. तेव्हा गाडी जिथून सुटते त्या स्टेशनला घर मिळत असेल तर खोली एक कमी असली तरी घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. विरार, बोरिवली, ठाणे, कल्याण, बदलापूर, पनवेल इथे रिकामी गाडी लागते. बाकीच्या स्टेशनांवर ती भरून येते. तिथले अनुभवी लोक आधी उलट्या दिशेने जातात, गाडी जिथून सुटते तिथे पोचतात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. नालासोपाऱ्याचा माणूस विरारला जातो, डोंबिवलीचा कल्याणला. बसून जाण्यासाठी पंधरा-वीस मिनिटं घरातून लवकर निघायचं. या पंधरा-वीस मिनिटांची किंमत घराच्या किमतीत मिळवा. लोकलचं किमान तिकीट आजही ५ रुपये आहे. स्वस्त आहे तो प्रवास, महाग आहे ती बसायची जागा.

चौथी सीट म्हणजे काय, हे मी मुद्दाम समजावून सांगत नाही. तीन जणांच्या बाकावर ती असते आणि नसते.

आता थोडं गंभीर. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीच्या लोकलच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यांतली काही दगावली. ती कामाला निघालेली माणसं होती. आपोआप बंद होणारी दारं असलेली पहिली वातानुकूलित लोकल डिसेंबर २०१७ मध्ये धावली, पण साध्या लोकलची दारं अजून उघडीच असतात आणि बहुसंख्य लोक साध्या लोकलनेच जातात. म्हणून घर बघताना ‘मला या स्टेशनवर आत शिरता येईल का’ हा प्रश्न स्वयंपाकघराच्या ओट्याच्या उंचीच्या आधी विचारावा. दारात लटकण्याचं धाडस पंचविसाव्या वर्षी असतं. कर्ज पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत असतं.

ऐतिहासिक टीप (परीक्षेला येत नाही)

या शहरात उत्तम प्रवास कोणी केला असेल तर गिरणी कामगाराने. लालबाग, परळ, वरळी, लोअर परळ. चाळीतली खोली अंधारी, नळ सामाईक, संडास सामाईक, खोलीत माणसं मोजू नयेत इतकी. पण गिरणीचा भोंगा झाला की पायी निघून पाळी सुरू व्हायच्या आत गेटात. पाय हेच त्याचं वाहन आणि जेवणाच्या सुटीत घरी जाऊन येणारेही होते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद झाल्या आणि त्यांच्या जमिनींवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींत आज काम करणाऱ्यांपैकी कित्येकांचे वडील किंवा आजोबा त्याच जागी चालत कामाला येत होते. ही पोरं आता नालासोपाऱ्याहून, दिव्याहून, बदलापूरहून येतात. लोअर परळच्या पुलावरून खाली उतरताना आजोबांच्या गिरणीची चिमणी दिसते, असलीच तर. अलीकडे गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणीला घरं द्यायचं ठरलं. ही गावं कर्जतच्या फाट्यावर, बदलापूरच्याही पुढे. कामगारांच्या संघटनांनी विरोध केला आणि आम्हाला मुंबईतच घर द्या म्हटलं. तो हट्ट आहे असं काहींना वाटलं. शेलूहून लोअर परळला एक सोमवार जाऊन आलेल्याला तसं वाटणार नाही.

धडा पाचवा : पाहणी कधी करावी

दलाल तुम्हाला रविवारी सकाळी अकराला बोलावेल. ऊन कोवळं, रस्ते मोकळे, रिक्षावाला मीटरने येतो. शिवाय रविवारी मेगाब्लॉक असल्यामुळे तुम्ही लोकलने न जाता बिल्डरने पाठवलेल्या वातानुकूलित गाडीतून जाल. ही गाडी स्टेशनपासून इमारतीपर्यंत खरोखर ५ मिनिटांत पोचते.

तुम्ही तसं करू नका. सोमवारी जा, सकाळी साडेसातला. त्या इमारतीच्या गेटापासून निघा, जणू तुम्ही तिथे राहताच. शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा. रांग किती लांब आहे ते पाहा. गाडी पकडा, चुकली तर चुकू द्या, ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत घड्याळ चालू ठेवा. संध्याकाळी तोच प्रवास उलट करा, कारण सकाळी आशा असते आणि संध्याकाळी नसते. रिक्षा मिळणारच, असंही गृहीत धरू नका. वांद्र्याच्या आणि शीवच्या दक्षिणेला तर ती चालतच नाही.

शक्य झालं तर जुलैत जा. शीव, कुर्ला, हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही पाणी भरणाऱ्या जागांची नावं मुंबईकराला पावसाळ्यात पंचांगासारखी पाठ असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माणसं रुळांवरून आणि हायवेवरून चालत रात्रभर घरी गेली, काही दुसऱ्या दिवशी पोचली. असा दिवस रोज येत नाही. पण ‘पाणी भरल्यामुळे गाड्या वीस मिनिटं उशिरा’ हा दिवस दर पावसाळ्यात येतो, एकदा नाही, बऱ्याचदा. इमारतीच्या गेटासमोर पाणी साचतं का, हे बिल्डरला विचारू नका. नाक्यावरच्या पानवाल्याला विचारा.

आणि ऑफिसचं म्हणाल तर ते हलतं. एके काळी सगळं नरीमन पॉइंटला होतं, मग लोअर परळ झालं, मग वांद्रे-कुर्ला, मालाड, ऐरोली. मंत्रालय काही हललेलं नाही, पण तुम्ही मंत्रालयात नसाल तर नोकरी तीन वर्षांची आणि कर्ज वीस वर्षांचं हे विसरू नका. ऑफिसच्या दारात घर घेण्याची घाई करू नये. आधी अकरा महिन्यांच्या करारावर तिथे भाड्याने राहून पाहावं. मोठ्यांना हे पटत नाही. भाडं म्हणजे पैसे पाण्यात, असं ते म्हणतात. त्यांना नम्रपणे सांगावं की मिलन सबवेतही पैसे पाण्यातच जातात.

(प्रगत अभ्यासक्रम : पुण्यात राहून डेक्कन क्वीनने, नाशिकला राहून पंचवटीने रोज मुंबई. या पासधारकांचे स्वतःचे डबे, ग्रुप, वाढदिवस, हळदीकुंकू आणि भजनं आहेत. नवशिक्यांनी अनुकरण करू नये.)

धडा सहावा : हिशोब कोणाचा?

शेवटचा धडा सर्वांत मोठा असायला हवा होता, पण बहुतेक घरांत तो घेतलाच जात नाही.

घर बघताना वेळ मोजतात ती घरातल्या पुरुषाच्या ऑफिसची. त्याला फास्ट मिळते का, त्याला बसायला मिळतं का. बायकोची नोकरी ‘तिकडेच कुठेतरी’ असते आणि ती ‘बघून घेईल’. मग ती कशी बघून घेते ते महिलांच्या डब्यात पाहावं. गवारीच्या शेंगा मोडणाऱ्या, लसूण सोलणाऱ्या बायकांचं वर्तमानपत्रांतून फार कौतुक होतं. गाडीत भाजी निवडावी लागते, कारण घरी पोचल्यावर त्याला वेळ उरत नाही. ते कौतुक थांबवून कुणी तिचं ऑफिस नकाशावर शोधलेलं बरं. चर्चगेट-बोरिवली मार्गावर महिला विशेष लोकल १९९२ मध्ये सुरू झाली. महिलांना वेगळी गाडी मिळाली, पण घर निवडायच्या बैठकीत वेगळी खुर्ची पुष्कळ ठिकाणी अजून मिळालेली नाही.

तिच्यापुढे आणखी एक घड्याळ असतं, पाळणाघराचं. ते सात वाजता बंद होतं आणि गाडी उशिरा आली म्हणून थांबत नाही. शाळेची बस कुठवर येते, आजोबांचा दवाखाना पूल चढल्याशिवाय गाठता येतो का, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला रात्री साडेनऊला स्टेशनवरून रिक्षा मिळते का, हे सगळे प्रवासच आहेत. ते कुणी मोजत नाही, कारण त्यांना पगार मिळत नाही.

दोघांची ऑफिसं दोन लाइनवर असतील तर दादरच्या आसपास घर घ्या, असं पुस्तकी उत्तर आहे. दादरचा भाव ऐकून आलेल्याला ते सांगू नये. मग उरतं एवढंच की दोघांपैकी एकाचा प्रवास वाईट होणार. तो कोणाचा, हे पाहुण्यांसमोर न ठरवता एकमेकांसमोर बसून, मिनिटं कागदावर लिहून ठरवावं.

तेव्हा टोकनची रक्कम द्यायच्या आधी एक सोमवार मोकळा काढा. घरातल्या प्रत्येकाला त्या इमारतीच्या गेटाशी उभं करा आणि ज्याला त्याला आपापल्या वाटेने जाऊ द्या. रात्री सगळे परत आले की ज्याला सर्वांत उशीर झाला त्याला आधी बोलू द्या. तो ‘नको’ म्हणाला तर जलतरण तलाव कितीही निळा असो, टोकन देऊ नका.